वेदीवरचे लिंबू

कालोजेरो इंग्रासियाने वेदीवरचे लिंबू उचलले ते निव्वळ तळलेल्या माशावर पिळण्यासाठी. लिंबाशिवाय मासा त्याच्या घशाखाली उतरत नसे. वय त्रेसष्ट, धंदा घड्याळदुरुस्तीचा, लग्न झालेले नव्हते आणि करायचेही नव्हते. सकाळी सहाला कॉफी, रात्री नऊला अंथरूण, मध्ये कुणाची कटकट नाही. हे सुख त्याने चाळीस वर्षे जिवापाड जपले होते.

त्या दिवशी संत जोसेफचा सण होता. चर्चच्या हॉलमध्ये तीन पायऱ्यांची वेदी मांडली होती. तिच्यावर वेण्या घातलेले पाव, अंजिराच्या वड्या, मसाला भरलेली आर्टिचोकची बोंडे आणि मूर्तीच्या पायाशी लिंबांची परडी. आम्हा न्यू ऑर्लिन्सच्या सिसिलीकरांत लग्नाळू मुलगी त्यातले एक लिंबू गुपचूप चोरते आणि लग्न ठरले की परत आणून ठेवते. कालोजेरोला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण तो मुलींचा मामला, अशी त्याची समजूत होती.

सुरी लिंबाला टेकली तोच कुणीतरी त्याचे मनगट धरले. वेदीची व्यवस्था बघणाऱ्या व्हिता मावशी. वय चौऱ्याऐंशी, पकड चाळिशीतली.

"अखेर चोरलंस रे बाबा!"

"चोरलं नाही मावशी, माशावर पिळायला घेतलं."

"पकडले गेले की सगळे असंच म्हणतात."

"अहो, पण हे मुलींसाठी असतं ना?"

"लिंबाला काय कळतंय, उचलणारी बाई आहे का बाप्या? आणि ती सुरी ठेव आधी. चोरलेलं लिंबू कापतात होय? काळजी करू नकोस, मी काही पाहिलेलं नाही. कुणी पाहिलं तर गुण येत नाही."

काहीच न पाहिलेल्या मावशी तिथून थेट स्वयंपाकघरात गेल्या. पाच मिनिटांत तीन विधवा तीन ताटे घेऊन कालोजेरोच्या टेबलाशी हजर झाल्या. संत जोसेफ सुतार, म्हणून आमच्याकडे पास्त्यावर भुशासारखा पावाचा भाजलेला चुरा घालतात. तो त्या तिघींनी इतका घातला की खालचा पास्ता दिसेना.

"कपडे कोण धुतं हो तुमचे?" एकीने विचारले.

"मशीन."

"मशीन काही प्रेमाने धूत नाही."

कालोजेरो घाम पुसत उठला आणि मावशींना गाठून म्हणाला, "मी हे परत ठेवून येतो."

"ठेव ना! लग्न ठरलं की परतच ठेवायचं असतं. मुलगी कोण तेवढं सांग, म्हणजे फादरच्या कानावर घालते."

तो लिंबू घेऊन परत टेबलाशी आला. लिंबू कापायची सोय नाही, खिशात ठेवावे तर विधवांची रांग, परत ठेवावे तर लग्न. त्याचे पणजोबा पालेर्मोहून लिंबांच्या बोटीत, खोक्यांच्या फटीत झोपून इथे आले होते. इंग्रासियांना लिंबांनीच तारले, असे तो दर सणाला अभिमानाने सांगे. आज त्याने पणजोबांना आणि त्या बोटीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

एवढ्यात हॉलच्या दारावर थाप पडली. जोसेफ, मेरी आणि येशू झालेली पोरे आसरा मागत होती. दोन दारांवर त्यांना नकार मिळतो, तिसऱ्यावर स्वागत. दरवर्षीचाच खेळ, पण सगळा हॉल माना वळवून दाराकडे बघू लागला. ही संधी साधून कालोजेरो वेदीकडे सटकला.

तिथे निन्फा ग्वारिनो आधीच उभी होती. ग्रंथालयातून निवृत्त झालेली, अविवाहित, मोजके बोलणारी. ती पर्समधून अक्रोडाएवढे, काळे पडलेले एक लिंबू काढत होती.

"तुम्हीपण?" ती पुटपुटली.

"माशावर पिळायला घेतलं होतं हो!"

"माझ्या पर्समध्ये मावशींनी कोंबलं, सहा वर्षांपूर्वी. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा तो भाचा दाखवतात. आज ठेवते आणि सुटते."

"परत ठेवलं तर लग्न ठरलं म्हणतात."

"म्हणून तर सगळ्यांच्या पाठी वळल्यावर आले."

तेवढ्यात तिसरे दार उघडले. पोरे आत शिरून वेदीकडे निघाली आणि सगळ्या माना त्यांच्याबरोबर इकडे वळल्या. वेदीपाशी दोघे उभे, दोघांच्या हातात एकेक लिंबू. टाळ्यांचा कडकडाट झाला. फादरनी तर आशीर्वादही देऊन टाकला.

कालोजेरोने तोंड उघडले, पण निन्फाने त्याच्या पायावर पाय दिला.

"गप्प बसा. नाही म्हणालात तर उद्यापासून तुमच्यामागे त्या तिघी आणि माझ्यामागे तो भाचा. एक वर्ष हो म्हणू. मग सांगायचं, नाही पटलं."

सौदा वाईट नव्हता. लोकांना दिसावे म्हणून तो दर गुरुवारी तिच्याकडे जेवायला जाऊ लागला. सार्डिन माशांच्या पास्त्यात मनुका घालायच्या की नाहीत यावर दोघांचे वाद होत. त्याची आजी घाली, तिची घालत नसे. वाद घालता घालता दहा वाजून जात. तिच्या आजीचे घड्याळ वर्षात तीनदा बिघडले. तिसऱ्या वेळी ते त्यानेच नीट बसवले नव्हते.

पुढच्या सणाला हॉलमध्ये शिरताना निन्फा म्हणाली, "झालं वर्ष. जेवणानंतर मावशींना सांगून टाकते. सुटलात बघा."

"सुटलो," कालोजेरो म्हणाला. त्याला फार वाईट वाटले, आणि इतके वाटेल अशी त्याची अपेक्षा नव्हती.

ती दोघांची ताटे आणायला रांगेत गेली. तो वेदीपाशी गेला, इकडेतिकडे पाहिले आणि परडीतले एक लिंबू खिशात टाकले. व्हिता मावशी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी यंदाही काही पाहिले नाही, आणि स्वयंपाकघरातही गेल्या नाहीत.

निन्फाने तळलेला मासा त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय, लिंबू नाही आणलंत?"

"नको," तो म्हणाला, आणि खिशावर हात ठेवून कोरडा मासा खाऊ लागला.