यमुताईंनी ओवाळलेली गाडी

कळमेश्वरच्या कारखान्यात जायला निघताना जितेंद्र आईला बजावून गेला, "दुपारी शोरूमचा माणूस गाडी दाखवाले आणंन. तू फक्त पाहून घे. बोलू नको काही."

जिजाबाईंना बोलू नको म्हणणं म्हणजे वैशाखाला तापू नको म्हणण्यासारखं. पण मुलगा घाईत होता, म्हणून त्यांनी तेवढ्यापुरतं ऐकून घेतलं.

घरात संक्रांतीपासून गाडीचंच चाललं होतं. जितेंद्रला हायब्रिड पाहिजे होती. म्हणजे पेट्रोलही पिणार आणि बॅटरीवरही चालणार. त्याचा कशावरच पुरता भरवसा नसतो. स्वतःच्या लग्नात त्याने पाऊस आला तर म्हणून हॉल आणि नाही आला तर म्हणून मांडव, दोन्ही सांगून ठेवले होते. सुनेला, हर्षाला, निव्वळ विजेवरची हवी होती. रोज एवढ्या लांब कळमेश्वरला जाऊन येणारा माणूस अर्धा पगार पंपावर ओतून येतो, असं तिचं म्हणणं. दोघंही जेवणं झाली की फोनमध्ये डोकं घालून गाड्या बघायचे आणि त्यांच्यावरून भांडायचे. आज दाखवायला येणारी गाडी हर्षाच्या हट्टाची, विजेवरची होती.

जिजाबाईंची अट एकच. त्यांनी पसंत केल्याशिवाय गाडी दारात यायची नाही. ही अट त्यांनी घरात एकदा सांगितली आणि गल्लीत रोज सांगितली. गल्लीत म्हणजे मुख्यतः समोरच्या यमुताईंना. यमुताईंकडे दिवाळीत डिझेलची मोठी गाडी आली होती, आणि तेव्हापासून त्या कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडीतून जात. जिजाबाई पिशवी घेऊन पायी निघाल्या की काच खाली व्हायची. "ये वं बाई, सोडून देतो तुले." अख्ख्या झिंगाबाई टाकळी वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात. हे सोडून देणं जिजाबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं होतं.

दुपारी गाडी आली तेव्हा आवाजच झाला नाही. फाटकाशी झोपलेलं कुत्रं कान न हलवता झोपून राहिलं. पांढरी, चकचकीत गाडी, आणि तिच्यातून टाय बांधलेला, घामाने भिजलेला माणूस उतरला.

"नमस्ते काकू, मी सौरव. बसून पाहा."

जिजाबाई आधी बसल्या नाहीत. डिकी उघडायला लावून गव्हाचं पोतं मावेल का ते पाहिलं. सीट अंगठ्याने दाबून पाहिली, भाजीवाल्याकडे वांगं दाबतात तशी. मग पुढे बसल्या. थंड हवा गळ्यावर आली आणि त्यांच्या मनात काहीतरी हललं, पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. विकणाऱ्यासमोर हसलं की भाव चढतो, हे त्यांना शाळेत न जाताच कळलेलं होतं.

तेवढ्यात समोरचं दार वाजलं.

"अवं जिजाबाई! घेतली का वं गाडी? अन् सांगतलं नाई!"

सौरवने तोंड उघडलं. "नाही काकू, ही तर..."

"कायची घेते!" यमुताईंनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. "पाहाले आनली असंन. पाहाले काय, पैसे थोडीच लागते."

जिजाबाई खरं तेच सांगणार होत्या. पण यमुताईंनी ते खरं असे काही ओठ मुरडून सांगितलं, की ते आता जिजाबाईंच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"घेतली," त्या म्हणाल्या. "काहून?"

सौरवचा हात टायकडे गेला.

आता यमुताई काही वाईट बाई नव्हेत. जळतात, पण दुसऱ्याचं कार्य असलं की पहिल्या धावून येणाऱ्याही त्याच. त्या घरात गेल्या आणि ताट घेऊन आल्या. नारळ, हळद, तेलात कालवलेलं कुंकू, लिंबू-मिरच्या, सगळं होतं. पाठोपाठ गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. सौरव ओरडेपर्यंत बोनेटवर हातभर लांबीचं स्वस्तिक उमटलं होतं.

"काकू, कलर खराब होईल! ही गाडी..."

"चूप," जिजाबाई दातांमधून म्हणाल्या. "गाडीच्या पुढं नारळ फुटून राहिला अन् तू मधात बोलतं?"

"हा कोन?" यमुताईंनी विचारलं.

"ड्रायव्हर."

"ड्रायव्हरले टाय?"

"आमच्याकडं असाच ठेवते."

नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, संत्रा बर्फीचा डबा आला आणि गल्लीत फिरला. वाटणाऱ्या यमुताई, नाव जिजाबाईंचं. बर्फी चघळत एकीने मागची पाटी पाहिली. "जिजाबाई, नंबर हिरवा काहून आहे वं?"

"शाकाहारी आहे," जिजाबाई म्हणाल्या. "पेट्रोल, डिझेल काहीच खात नाही." हे म्हणताना त्यांनी यमुताईंच्या गाडीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

इथवर सगळं निभावलं असतं. बायका घरी गेल्या असत्या, सौरवने स्वस्तिक पुसून गाडी नेली असती. पण यमुताईंनी पदर खोचला. "चाला मंग. पहिली फेरी कोराडीच्या देवीले."

"आज? एवढ्या उन्हात?"

"मंग काय देवीले संध्याकाळी ये म्हन्ते? आमची गाडी आली तं आमी दारातूनच गेलो होतो सीधे."

आता यमुताईंची गाडी गेली होती म्हटल्यावर जिजाबाईंची जाणारच. चौघी बसल्या. सौरवने जिजाबाईंच्या कानाशी येऊन सांगितलं, "काकू, सकाळपासून गाडी फिरून राहिली आहे. चार्जिंग कमी आहे."

"ड्रायव्हर आहे नं तू? चालव."

रस्त्यात यमुताईंचे प्रश्न सुरू झाले. बॅटरी बिघडली तर? पावसात करंट लागला तर? जिजाबाई उत्तर जुळवायच्या आत सौरव बोलून जायचा. आठ वर्षांची गॅरंटी आहे काकू, पाण्यातही काही होत नाही काकू, जुनी गाडी दिली तर बोनस आहे काकू. बिचाऱ्याची जीभ त्या वळणाचीच होती.

"ड्रायव्हर भल्ला शिकलेला दिसते," यमुताई म्हणाल्या. "मले काहून गाडी विकून राहिला हा?"

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण गाडीच बोलू लागली. फोन आला होता, आणि तो गाडीच्या चारही भोंग्यांतून घुमला.

"सौरव! कुठं मेला बे? ते टाकळीची म्हातारी गाडी घेते का नुसतीच फिरून राहिली? इथं पार्टी येऊन बसली आहे. आन गाडी लवकर!"

सौरवने फोन बंद केला.

"याचा पहिला मालक," जिजाबाई म्हणाल्या. "चांगला ड्रायव्हर आहे नं, सोडतच नाही त्याले."

"अन् टाकळीची म्हातारी कोन?"

"असंन कोनी. टाकळीत म्हाताऱ्या काय कमी आहे?"

देवीचं दर्शन झालं. जिजाबाईंनी हात जोडून काय मागितलं ते त्यांनाच ठाऊक, पण बाहेर आल्यावर देवीने पहिला झटका दिला. गाडीच्या पडद्यावर लाल दिवा पेटला होता आणि त्याच्याखाली कासवाचं चित्र आलं होतं.

"काकू, एसी बंद करावा लागंन," सौरव रडवेला होऊन म्हणाला.

"बंद कर. देवीच्या रस्त्यानं थंड हवा खात जात नसते," जिजाबाईंनी मागे वळून जाहीर केलं. मागे तिघींच्या कपाळाचं कुंकू ओघळून नाकावर आलं. गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. सायकलवर बर्फाची लादी नेणारा माणूस त्यांच्या बरोबरीने आला, काचेतून आत पाहून हसला आणि पुढे निघून गेला.

"जिजाबाई, आपल्याले तं कोनीही मागं टाकून राहिलं वं," यमुताई पदराने वारा घेत म्हणाल्या.

"नवीन गाडी हळूच चालवावी लागते. तुमच्यावाल्यानं सांगतलं नाई का?"

घरापर्यंत गाडी पोचणार नव्हती. वाटेतलं एकच ठिकाण चार्जिंगचं होतं, आणि ते म्हणजे मानकापूरचं ते शोरूमच. यमुताई आणि तो फोनवरचा मॅनेजर समोरासमोर आले, की टाकळीतली कोणती म्हातारी ते कळायला वेळ लागणार नाही. मग उद्यापासून काच रोज खाली होणार, आणि "सोडून देतो" मध्ये आणखी काय काय ऐकू येणार, ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

गाडी शोरूमचा चढ चढली आणि चार्जरपाशी येऊन थांबली. जणू उसासा टाकूनच.

"तुमी आत बसा, थंडं प्या," जिजाबाईंनी तिघींना काचेच्या खोलीकडे पिटाळलं. "गाडीले पाजतो तवर." यमुताईंना थंड हवा दिसली आणि त्या प्रश्न न विचारता गेल्या.

मॅनेजर बाहेर आला, बोनेट पाहिलं आणि त्याच्या हातातला पेन पडला. "हे कोनं केलं?"

त्याच्या मागे उभी असलेली पार्टीच आधी बोलली. नवरा-बायको सकाळपासून याच गाडीसाठी बसून होते. बायकोने स्वस्तिक पाहिलं, बंपरला लटकलेल्या लिंबू-मिरच्या पाहिल्या.

"अहो, ही तर कोणाच्या तरी घरची झाली. नारळ फुटला आहे हिच्यावर."

"मॅडम, पुसून देतो," मॅनेजर म्हणाला.

"पुसता काय? दुसऱ्याची ओवाळलेली लक्ष्मी मी दारात आणू?" आणि ती नवऱ्याला घेऊन निघूनच गेली.

मॅनेजर जिजाबाईंकडे वळला. "काकू, काय केलं हे? दाखवायची गाडी होती. वापरलेली म्हणून कमी भावात काढली होती, कालच तिचे स्टिकर काढले. आता हिले घेईल कोण?"

जिजाबाईंना या वाक्यात दोनच शब्द ऐकू आले. बाकीचं त्यांनी सोडून दिलं.

"कमी भावात?" त्या म्हणाल्या. "अन् आता कोनी घेत नाई, मंग तं आणखी कमी."

"काकू!"

"मी काय बोलली का? तूच बोलला."

फोन गेल्यावर अर्ध्या तासात जितेंद्र कळमेश्वरहून आणि हर्षा तिच्या बँकेतून घामाघूम होऊन पोचले. "आई, आपलं हायब्रिड ठरलं होतं नं?" जितेंद्र दबक्या आवाजात म्हणाला.

"कोनं ठरवलं? मी तं पाहूनच राहिली होती." जिजाबाईंनी काचेच्या खोलीकडे नजर टाकून आवाज आणखी खाली आणला. "हे पाह्य. पोटात अन्न नसताना चार बायका कोराडीहून ओढून आनल्या तिनं, भर उन्हात, रस्त्यात टाकलं नाई. तुह्या बापानं मले कधी उपाशीपोटी कुठं नेलं? भरवसा याले म्हन्ते."

हर्षा सासूकडे पाहत राहिली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघींचं मत एक निघालं होतं, आणि यात काहीतरी गडबड असणार हे तिला कळत होतं. पण तिने विचारलं नाही. भाव किती उतरला ते जिजाबाईंनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मॅनेजरने मात्र त्या दिवशी डोकेदुखीची गोळी घेतली.

तिघी थंडं पिऊन ताज्यातवान्या बाहेर आल्या. मॅनेजरने जिजाबाईंना हात जोडलेले पाहून यमुताई कौतुकाने म्हणाल्या, "चार्जिंगवाले भल्ला मान देते वं तुले."

नावावर व्हायला, कागदपत्रं व्हायला दिवस लागणारच होते. तेवढे दिवस गाडी शोरूममध्येच राहिली. दुसऱ्या सकाळी यमुताईंनी रिकामं अंगण पाहिलं.

"गाडी कुठं गेली वं?"

"सर्व्हिसिंगले."

"कालच तं आली!"

"म्हनूनच. नवीन असतानाच सांभाळावी लागते."

शेवटी एका संध्याकाळी जितेंद्र किल्ली घेऊन आला. आता गाडी खरोखरच जिजाबाईंची होती, नावानिशी. हर्षा ताट सजवून फाटकात उभी होती. झेंडूचा हार होता, नारळ होता, बर्फीचा मोठा डबा होता.

"झाका ते!" जिजाबाई धावत सुटल्या. "लोक काय म्हन्तीन? एका गाडीले दोनदा ओवाळून राहिले!"

"आई, पण आज तर खरी..."

"खरी कायची? गल्लीनं खाल्ली नं बर्फी?"

जितेंद्रने मुकाट्याने गाडी आत घेतली. आवाज झाला नाही. कुत्रं उठलं नाही. कोणाच्या दारात कोणी आलं नाही. दोन घरं सोडून एका बाईने वर पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. जिजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घेतलेली गाडी दारात आली होती आणि पाहायला कोणी नव्हतं. ही गल्ली इतकी निर्दय असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मुलगा-सून आत गेल्यावर जिजाबाईंनी झाकलेला डबा उचलला, पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, दार लावून घेतलं आणि एक बर्फी तोंडात टाकली. डोळे मिटून घेतले.

काचेवर टकटक झाली. यमुताई.

"आली का वं सर्व्हिसिंगहून?" त्यांची नजर डब्यावर गेली. "अन् ही बर्फी कायची?"

जिजाबाईंनी तोंडातली बर्फी गिळली. काच सावकाश खाली केली.

"सर्व्हिसिंगची."

यमुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि दोन बर्फ्या उचलल्या.

"मंग दर तीन महिन्यानं करत जा वं," त्या म्हणाल्या. "गाडी भल्ली चांगली राह्यते."