आबांची तीन पाट्यांची कमान

आमच्या पारोळ्यात आबा सुतारांना रामराम केला की ते खुशाली विचारत नसत, वजन विचारत. "पहिले वजन सांग!" मांडवात उभ्या नवरदेवालाही त्यांनी सोडलं नाही. मी त्यांची शेजारीण. माझा आकडा ऐकून त्यांनी गाडीखालच्या स्प्रिंगचा हिशेब केला नि म्हणाले, "वहिनी, तुमले लॉरीनी कमान लागी." आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

या वेडाचं कारण मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांची बायको, आमची अक्का, विहिरीच्या पायरीवरून पडली आणि कंबरेचं हाड नीट सांधलंच नाही; चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायची, तेवढंच तिच्यानं व्हायचं. बैलगाडीत ठेवली की पहिल्या दगडालाच किंचाळायची. तिची आई तीन कोसांवर अंथरुणाला खिळलेली. मायला एकदा पाहू दे, एवढंच अक्काचं मागणं. बाजेवर न्यायचं म्हटलं तर म्हणे, "जित्तेपनी चार जनसना खांदावर जाऊ का?" म्हणून आबा धक्का न देणारी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, बांधायला बसले.

धुळ्याहून त्यांनी मोडीतली लॉरीची कमान आणली, चांगली सात पोलादी पाट्यांची. दमणीला बसवली, भरलेला तांब्या मांडीवर घेऊन फेरी मारली आणि चिंब भिजून उतरले.

"एवढी जाड कमान, तरी?" मी विचारलं.

"जाड शे म्हनीसनच! ती लॉरीना वझासाठी शे. अक्काना वझाखाल वाकसच नही."

मग ते एकेक पाटा काढू लागले. अक्काच्या वजनाएवढं सरकीचं पोतं दमणीत निजवून गावभर फिरवायचे. पण कमान जुळेपर्यंत अक्का आणखी झिजलेली असे, की पुन्हा एक पाटा कमी. मी पदराआड हसायचे. आता त्याची लाज वाटते.

तीन पाटे उरले तेव्हा तांब्यातलं पाणी सांडलं नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. मी अक्काजवळ बसले.

पहिल्या खळग्याला आबांनी विचारलं, "लागनं का?"

"नही लागनं."

आवाज अगदी सरळ, पण माझं मनगट तिनं असं आवळलं की बांगडी फुटून रुतली. आबांनी आणखी एकदा विचारलं, मग विचारलंच नाही. बैल इतके हळू हाकले की पोचायला दुपार टळली.

माहेरी दोन खाटा लागून मांडल्या. म्हातारीनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि दोघी कुणाकुणाच्या जुन्या खोड्या काढून हसत सुटल्या. अक्काला हसताना मी किती वर्षांनी पाहत होते. आबा दारातच उभे होते.

उन्हं उतरल्यावर त्यांनी बैल जुंपले, पण अक्काला उचलायला कुणाला बोलावलं नाही.

"आणि ती?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. तिले लागस, वहिनी. माले बठ्ठं समजनं." कासरा उगीच सारखा करत ते म्हणाले, "परतनी वाट तीच शे ना."

आत जाऊन त्यांनी तिचं पांघरूण नीट केलं. येतो म्हणाले आणि बाहेर आले.

अर्ध्या वाटेवर आबांनी मागे न बघता विचारलं, "वहिनी, भाकरीना पीठले पानी ऊनं लागस का थंडं?"