तिसरी पिन

आमच्या शेजारचे चनबसआप्पा अंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन अंगणात येतात आणि जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपात ओततात. तिथं तुळस नाही, झाड नाही. खाली मीठ-कोळशाचा खड्डा आहे, अर्थिंगचा; तो ओला राहिला तरच काम करतो. आमच्या मुरुम गावाला उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ येत नाही. आम्ही तोंड धुवायला वाटीनं पाणी घेतो, पण आप्पांचा पाइप कधी तहानलेला राहत नाही.

आप्पांनी जन्मभर लाउडस्पीकर दुरुस्त केले; ते भुणभुणले की दोष बहुतेक अर्थिंगचाच. त्यामुळं कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच, "आधी अर्थिंग बघा." माझा गुडघा धरला तेव्हाही हेच. म्हटलं, आप्पा, गुडघ्याला वायर कुठं जोडू? तर म्हणाले, "अनवाणी चालत जावा." शाळेतली पोरं परवडली, हा माणूस नको.

यंदा ते माझ्या फ्रिजच्या मागं लागले. तो आमच्या सामाईक भिंतीला टेकलेला. "गुर्जी, तुमचा फ्रिज आमच्या घरात गुणगुणतोय." मी दमलेला असायचो, व्हय-व्हय म्हणायचो. शेवटी एक दिवस ते टेस्टर घेऊनच आले आणि प्लग उपसून बघितला. बोर्डात बसत नव्हता म्हणून मी त्याची तिसरी पिन पकडीनं मोडून टाकलेली. आप्पा मयताला आल्यासारखे खाली बसले. "हीच तर अर्थिंगची हो," एवढंच म्हणाले आणि टेस्टर विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी टेस्टर द्यायला गेलो. काकू, म्हणजे आप्पांच्या बायको, चुलीपाशी भाजी निवडत होत्या. आप्पा त्यांना सास्तूरच्या मेव्हण्याच्या बैलाची काहीतरी गंमत सांगत होते. काकूंनी कानातलं ऐकायचं मशीन काढून डबीत ठेवलं. "लई भुणभुण करतंय," म्हणाल्या आणि खाली मान घालून भाजी निवडायला लागल्या. आप्पांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"तुमच्या फ्रिजच्या भिंतीपाशी मशीनला असं होतंय," ते मला म्हणाले. "अन् चूल हितंच. एकदा मशीन डबीत गेलं की दिवसभर म्या बोलायचं कुणाशी?"

मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी वायरमन बोलावला. नवा प्लग, नवा बोर्ड, वायर थेट आप्पांच्या पाइपापर्यंत. फ्रिज उचलून पलीकडच्या भिंतीला लावला.

संध्याकाळी भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज आला. तोच बैल, पहिल्यापासून. मधेच काकू म्हणाल्या, "मग? फुडं काय झालं?"

असं कुणी विचारायची सवयच राहिली नव्हती आप्पांना. मग खाकरले आणि हळूहळू सांगायला लागले.