कायोटी, कोंबडी आणि न वाजणारी काडतुसं

आमच्या भागात कायोटीचा बंदोबस्त करणारी माणसं दोन प्रकारची. एक माझा मेहुणा ड्वेन. हा माणूस चिमणी हाकलायलासुद्धा तोफ काढेल. आणि दुसरा मी. मी डोकं वापरतो!

कायोटी म्हणजे अंगानं कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ आणि निर्लज्जपणात दोघांच्याही वर. आमच्या मागच्या अंगणातून त्यानं एका आठवड्यात दोन कोंबड्या उचलल्या. त्याही भरदिवसा, नाकावर टिच्चून. माझी बायको आयलीन त्या दोघींसाठी रडली. मी गेलो तर ती इतकी रडेल की नाही, हे मी विचारलं नाही.

पण खरा जीव टांगणीला लागला होता तो ओपलसाठी. ओपल ही आयलीनची सोनेरी कोंबडी. रंगानं मधासारखी आणि आकारानं सोफ्यावरच्या उशीएवढी. शनिवारी काउंटीच्या जत्रेत ती कोंबड्यांच्या स्पर्धेत उतरणार होती. गेल्या वर्षी पहिल्या बक्षिसाची निळी रिबीन पाद्रीबाईंच्या कोंबडीनं नेली. आयलीननं ख्रिस्ती मनानं जगातल्या सगळ्यांना माफ केलंय, फक्त पाद्रीबाई सोडून.

"लाईल," ती मला म्हणाली, "शनिवारपर्यंत ओपलच्या एका पिसाला धक्का लागला, तर माझ्याशी गाठ आहे! मी ड्वेनला बोलावते."

"ड्वेन कशाला? मी काय मेलोय?"

"तू जिवंत असताना दोन गेल्या, म्हणून तर म्हणतेय!"

आता यात ग्यानबाची मेख अशी, की बंदूक वाजली की कोंबडी घाबरते. घाबरलेली कोंबडी पिसं गाळते, आणि पिसं गाळलेल्या कोंबडीला जत्रेत परीक्षक ढुंकून बघत नाहीत. शिवाय आमच्या शेजारी राहतात होलकमबाई. या बाईंना आवाजाचं वावडं. एका रविवारी मी गवत कापलं, तर यांनी थेट शेरीफच्या ऑफिसात फोन केला. मी शिंकतो तेव्हा फोन करत नाहीत, पण खिडकी उघडून बघतात.

थोडक्यात, कायोटी मरायला हवा, पण कुणाला कळता कामा नये. ड्वेनला हे दहा जन्मांत सुचलं नसतं. मी सरळ गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो.

"कमी आवाजाची काडतुसं आहेत," दुकानदार ऑर्व्हिल म्हणाला. "खास घराजवळच्या कामासाठी. गोळी सावकाश जाते, त्यामुळे तो फाडकन आवाज होत नाही."

"बायकोला ऐकू जाईल?"

"बायको कुणाची आहे, त्यावर अवलंबून!"

"आमची."

ऑर्व्हिल जरा विचारात पडला. "खिडकी लावून घ्यायला सांगा," तो म्हणाला. "आणि जवळून मारा हं. लांबवर हिचा जोर पडत नाही."

"ऑर्व्हिल, मला शिकवू नकोस!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जिथं जिथं म्हटलंय, तिथं तिथं नंतर मान खाली घालून परत गेलोय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मोर्चा बांधला. आमच्या बाथरूमच्या खिडकीतून मागचं तळं दिसतं. तळ्याच्या अलीकडचा काठ आमचा, पलीकडचा होलकमबाईंचा, आणि त्यामागे मातीचा उंच बांध, त्यामुळे गोळी पुढे कुठं जायची भीती नाही. चष्मा मी काढून ठेवला, कारण तो बंदुकीच्या दस्त्याला अडतो. आणि धुक्यात बघतो तर काय? पलीकडच्या काठावर साक्षात कायोटी उभा! मान ताठ, शेपूट खाली, नजर पाण्यावर. जसं काही तळं त्याच्या वडिलांनी खणलंय!

मी नेम धरला आणि चाप ओढला.

'फुस्!'

अहो, आमचा कुकर यापेक्षा जास्त बोलतो! ओपलनं खुराड्यात मानसुद्धा वळवली नाही. होलकमबाईंची खिडकी बंदच. मी इतका खूष झालो, की कायोटीकडे बघायचंच विसरलो. बघितलं, तर स्वारी तशीच उभी.

चुकला असेल नेम. मी पुन्हा मारली. फुस्! अंग जरासं थरथरलं, पण जागचा हलला नाही. पुन्हा मारली. त्यानं कानही टवकारला नाही.

तेवढ्यात दारावर थाप. "लाईल, किती वेळ?"

"कामात आहे!"

"ते कळतंय रे. पण किती वेळ?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काडतुसं इतकी शांत होती, की आपल्याला गोळ्या लागताहेत हे त्या बिचाऱ्या जनावराच्या लक्षातच येत नव्हतं!

त्याच्या दुसऱ्या दिवशी कायोटी पुन्हा हजर. पण या वेळी जागा बदलून, झुडपाजवळ, आणि तोंड थेट माझ्याकडे! म्हणजे बघा, आदल्या दिवशी गोळ्या खाल्ल्या, घरी गेला, जेवला, झोपला आणि आज मला तोंड दाखवायला परत आला. याला म्हणतात कोडगेपणा. मी डबीतली उरलेली सगळी काडतुसं त्याच्यावर रिकामी केली. तो बघत राहिला. शेवटी मीच नजर खाली वळवली.

मी तडक ऑर्व्हिलकडे गेलो. "हा काय माल देतोस? गोळी लागते आणि प्राणी पडत नाही!"

"लागली कशावरून?"

"मी डोळ्यांनी बघितलं! लागताना अंग थरथरलं त्याचं."

"मग मेला असेल."

"मेला असेल तर उभा कसा?"

ऑर्व्हिलनं माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं. "लाईल, घरी जाऊन थोडा पडून राहा," तो म्हणाला.

घरी मी आयलीनला सांगितलं, की मी कायोटीला असा धाक बसवलाय की तो तळ्याच्या अलीकडे यायची हिंमत करत नाही. आणि हे खोटं नव्हतं हो! दोन दिवसांत एकही कोंबडी गेली नव्हती. आयलीन इतकी खूष झाली, की तिनं सफरचंदाचा केक केला आणि मोठा तुकडा मला दिला. ड्वेनला फोन करून तिनं सांगितलं, "तू येऊ नकोस, आमच्या लाईलनं निभावलं." लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी तिला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

शुक्रवारी, जत्रेच्या आदल्या दुपारी, ओपलची अंघोळ झाली. स्पर्धेतल्या कोंबडीची अंघोळ म्हणजे चेष्टा नाही. कोमट पाणी, लहान मुलांचा साबण, पायांची नखं टूथब्रशनं, आणि मग केस वाळवायच्या मशीननं एकेक पीस फुलवायचं. माझी इतकी सेवा आमच्या लग्नाच्या दिवशीही कुणी केली नव्हती. नंतर आयलीननं तिला मागच्या हिरवळीवर उन्हात सोडलं.

आणि पुढचं दार वाजलं. दारात शेरीफचा डेप्युटी कर्टिस, शेजारी होलकमबाई, आणि कर्टिसच्या काखेत कायोटी.

प्लास्टिकचा!

आमच्याकडे रानबदकं येऊन हिरवळीची पार घाण करून टाकतात. त्यांना भिववायला लोक प्लास्टिकचे कायोटी उभे करतात. गावातल्या निम्म्या अंगणांत ते आहेत. रोज त्यांची जागा बदलावी लागते, नाहीतर बदकं ओळखतात. हे मला माहीत नव्हतं, असं मुळीच नाही. फक्त बदकांना जे ओळखता येतं ते मला आलं नाही, एवढंच.

"मिस्टर ब्रूबेकर," कर्टिस म्हणाला, "बाईंच्या कायोटीची कुणीतरी चाळणी केलीय. तुम्ही गोळीबाराचा आवाज ऐकलात?"

"आवाज? छे! मुळीच नाही," मी म्हणालो. शब्दन् शब्द खरा!

"मीपण नाही," आयलीन म्हणाली.

"मीसुद्धा नाही!" होलकमबाई किंचाळल्या. "म्हणूनच तर माझी झोप उडालीय! माझ्या कानांना चुकवून या गावात कुणी टाचणी पाडलेली नाही! हा कुणीतरी सराईत माणूस आहे हो!"

"सराईत तर आहेच," कर्टिस म्हणाला. "एक गोळी बरोब्बर डाव्या डोळ्यात बसलीय."

"डोळ्यात? खरंच?" मी एकदम पुढे झालो. "बघू! तेही खिडकीतून, चष्म्याशिवाय!"

आयलीननं डोळे मिटून घेतले.

पुढचं फार सांगत नाही. मी माफी मागितली, नवीन कायोटी आणून द्यायचं कबूल केलं. कुंपणापलीकडे गोळी मारणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल कर्टिसनं चार शब्द ऐकवले, आणि होलकमबाईंनी चाळीस. मग पुरावा म्हणून प्लास्टिकचा कायोटी आपल्या गाडीत टाकायला तो बाहेर गेला. बाई उरलेले शब्द ऐकवायला त्याच्यामागे.

"जा," आयलीन मला म्हणाली. तिचा आवाज बर्फासारखा. "निदान ओपलला तरी आत आण."

मी मागच्या दारानं बाहेर गेलो. आणि हिरवळीच्या कडेला, ओपलपासून चार हातांवर, कायोटी बसलेला! मला हसूच आलं. होलकमबाईंनी मला डिवचायला दुसरा आणून बसवला होता! आणि काय हुबेहूब केला होता! जीभ बाहेर, कानावर जुनी जखम, अंगाला वाससुद्धा. हे प्लास्टिकवाले हल्ली फारच सुधारलेत.

"बसा साहेब, बसा!" मी टोपी काढून वाकून म्हणालो. "घर तुमचंच आहे!" आणि ही गंमत दाखवायला आयलीनला बोलवायला परत आत गेलो.

"तुझ्या होलकमबाई भारीच चेष्टेखोर हं! तो प्लास्टिकचा कायोटी बघ कुठं आणून ठेवलाय!"

आयलीन वळली. "कायोटी कर्टिसच्या गाडीत आहे, लाईल."

"अगं, दुसरा असेल."

"त्यांच्याकडे दुसरा नाहीये!"

आम्ही दोघं एकदमच दाराकडे धावलो. तिकडे साहेब मी सांगितल्याप्रमाणे घर आपलं समजून ओपलच्या मागे लागले होते. ती खुराड्याच्या छपराकडे उडाली, त्यानं झडप घातली, आणि आयलीन ओरडली.

काय ओरडली, महाराजा! तळ्यावरची सगळी रानबदकं एका दमात उठली आणि परत फिरकली नाहीत. कायोटी हवेतच वळला आणि कुंपणापार झाला. आजतागायत तो आमच्याकडे फिरकलेला नाही. जाताना तोंडात ओपलचा पिसारा मात्र तेवढा घेऊन गेला. ओपल छपरावर सुखरूप होती. पुढून राणीसारखी, मागून सोललेल्या बटाट्यासारखी.

आयलीननं तिला खाली घेतलं, ॲप्रनमध्ये गुंडाळलं आणि माझ्याकडे बघितलं. "उद्या हिला काय भिंतीला पाठ लावून उभी करू?" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात घराला वळसा घालून कर्टिस धापा टाकत आला.

"मिस्टर ब्रूबेकर, होलकमबाईंची नवी तक्रार आहे. मोठ्या आवाजाची. कुणी केला?"

मी आयलीनकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"मी केला," मी कर्टिसला म्हणालो. "घेऊन चल मला. आणि दोन दिवस सोडायची घाई करू नकोस."