पसंती डब्यात पडली

मुलगी दाखवायची तर ती कामावर असताना दाखवायची, असा शोध बायनाबाईने लावला आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पोहे काय, कोणाचीही पोट्टी करते! अन् खाली मान घालून बसलेली पोट्टी आणि भिंतीला टेकवलेलं पोतं, यात पाहुण्यांना फरक तरी काय कळणार?

तिची करिष्मा चंद्रपूरला मूल रोडवरच्या एका एसी हॉटेलात वाढायचं काम करायची. काळी पँट, मरून जाकीट, छातीवर नावाची पट्टी. एका हातावर चार ताटं घेऊन ती टेबलांच्या मधून निघायची ती धानाच्या बांधीतून बगळा चालावा तशी. ना चिखल हलणार, ना मासोळी दचकणार!

"त्याईले हाटेलातच बलावतो," बायनाबाई सावली गावाहून फोनवर म्हणाली. "तू वाढ, ते जेवतीन. पाह्यनं भी होते, सुट्टी भी वाचते."

"माय, ड्युटीवर असतो ना मी!"

"ड्युटीतच तं चांगली दिसतं तू!"

करिष्माने फार ताणलं नाही, कारण मुलगा प्रफुल होता. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरी, राहायला क्वार्टर, आणि दोन महिन्यांपासून रोज सकाळी तिच्या फोनवर 'शुभ सकाळ'चं एक गुलाब. मध्ये फोनची जागा भरली, तेव्हा तिने भाचीच्या बारशाचे फोटो पुसले. गुलाबं ठेवली. हे तिने आईला सांगितलं नव्हतं, पण आयांना काय सांगावं लागते!

रविवारी बारा वाजता पाहुणे आले. प्रफुल, त्याची आई ललिताबाई आणि वडील पत्रूजी. पत्रूजी वडशाच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं वजनकाट्यावर होते. माणसाकडे नुसतं पाहिलं तरी पोत्यासकट तोलून घेत.

बायनाबाई त्यांच्याच टेबलाला बसली. करिष्मा आली, ताठ उभी राहिली.

"गुड आफ्टरनून सर, गुड आफ्टरनून मॅडम. पाणी साधं देऊ का बाटलीचं?"

ललिताबाईच्या भुवया कपाळात गेल्या. "मले मॅडम म्हणून राह्यली का हे?"

"इथी सासूलेही मॅडमच म्हणतेत, बाई," बायनाबाईने सावरलं. "इंग्रजी हाटेल आहे!"

आणि तिने पोरीला डोळ्यांनी खुणावलं. पाया पड! करिष्मा पाण्याचा ट्रे तसाच हातावर ठेवून वाकली, पत्रूजींच्या पाया पडली, ललिताबाईच्या पडली, आणि थेंबभर पाणी सांडलं नाही. शेजारच्या टेबलावरचे एक जाडजूड काका मात्र टेबलाखालून पाय बाहेर काढून वाट पाहत बसले. त्यांना वाटलं, इथली सर्व्हिसच अशी आहे!

जेवणं झाली. पत्रूजींनी जिरा राइसचं एक शीत दोन बोटांत चोळून पाहिलं, "तांदूळ जुना आहे," म्हणाले, आणि समाधानाने ढेकर दिली. प्रफुलने फोनवरून बिल भरलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की मुलगी पसंत पडली तर पाहुणे तोंडाने सांगत नाहीत. तिच्या हातावर पैसे ठेवतात, वर एक रुपयाचं नाणं. ते नाणं पडलं की बायांनी समजून घ्यायचं आणि डोळ्याला पदर लावायचा.

पत्रूजींनी पाचशेची नोट काढली. वर रुपया काढला. बायनाबाईने पदराचं टोक हातात घेऊन ठेवलं. पण करिष्माच्या दोन्ही हातांत उष्टी ताटं! मोकळा हात आणायचा कुठून? पत्रूजींनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर बिलाचं काळं पाकीट उघडं पडलं होतं. त्यांनी पाचशे एक अलगद त्यात ठेवले, पाकीट मिटलं आणि बायनाबाईकडे बघून मान हलवली.

पसंत! बायनाबाईने डोळ्याला पदर लावला. करिष्मा तोवर ताटं घेऊन आत गेली होती. पदर डोळ्यावरून खाली येईपर्यंत दुसऱ्या एका वेटरने ते पाकीट उचलून काउंटरवर नेलंसुद्धा!

त्या हॉटेलचा एक रिवाज होता. मोठी टीप आली की मॅनेजर श्रावणभाऊ काउंटरवरची पितळी घंटा वाजवायचे, आणि भांडी घासणाऱ्यापासून सगळे कामगार असतील तिथून एका सुरात ओरडायचे.

टणण्ण! "थँक्यू स्सर!"

अकरा जण ओरडले. त्यात आत ताटं ठेवणारी करिष्माही होती. स्वतःच्या पसंतीचे आभार तिने असे मोरीजवळून मानले!

पत्रूजी उभेच राहिले. त्यांनी हात जोडून चारी भिंतींना नमस्कार केला. "पाह्यलं का वो? पोट्टीची सोयरीक जुळली तं साऱ्या हाटेलाले आनंद झाला!" तंदूरवाला बघायला बाहेर आला होता, त्याला त्यांनी मिठीच मारली. जाडजूड काकांनी टाळ्या वाजवल्या. बायनाबाई आता मोकळी रडत होती. मनात तिने ऊर्जानगरच्या क्वार्टरला पडदेही लावून टाकले होते.

"चाला," ललिताबाईने पर्समधून कुंकवाची डबी काढली, "आता ते पैसे पोरीच्या हातावर द्या. मी कुंकू लावतो."

"कोणते पैसे?" श्रावणभाऊ म्हणाले. "टीप का? ते डब्यात गेली."

डब्याला कुलूप होतं. तो महिन्याच्या शेवटी उघडायचा. फुटलेल्या कपबश्यांचे पैसे हॉटेल कापून घ्यायचं आणि उरलेले अकरा जणांत वाटायचं.

"अवो भाऊ, टीप नोहोय ते! पसंती आहे माझ्या पोट्टीची!"

"बाई, पाकिटात आलं म्हणजे टीप. साऱ्याईचा हक्क असते त्याच्यावर."

"माझ्या पोट्टीची पसंती अकरा जणात वाटता का तुमी?"

तंदूरवाला दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, आपलं लग्न झालेलं आहे.

इथवर सगळे हसतच होते. हसणं थांबलं ते कुंकवाच्या डबीचं झाकण लागलं तेव्हा. एवढंसं झाकण, पण टक्कन वाजलं.

"म्हणजे हे पोट्टी," ललिताबाई सावकाश म्हणाली, "रोज परक्या माणसाईचे पैसे घेते?"

"टीप असते ती," करिष्मा म्हणाली. ती टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "चांगलं वाढलं, तं लोक ठेवतेत."

"माणसंच ना?"

"पगार वेगळा, बाई," पत्रूजी बायनाबाईला समजावू लागले, "अन् कोणी खूश होऊन पोरीले देल्लेला पैसा वेगळा. आमच्या घरी नाई चालत."

बायनाबाईने इथे गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणारी बाई मुलगी हॉटेलात दाखवते कशाला?

"काऊन जी?" ती म्हणाली. "तुमी काट्यावर व्हते तवा एकेका ट्रकवाल्याकडून 'खुशी' घेत व्हते ना? साऱ्या वडशाले मालूम आहे! त्याच्यानं तं पोत्याचं वजन हालत व्हतं. माझ्या पोट्टीनं कोणाचं शीतभर कमी वाढलं नाई!"



"ते खुशी व्हती," पत्रूजी शांतपणे म्हणाले. "टीप नाई."

एकाच नोटेची किती नावं असतात, बायांनो! आणि बाईने घेतली की तिला जे नाव चिकटते, ते तर आपण मोठ्याने उच्चारतही नाही.

पत्रूजींनी पैसे परत मागितले. श्रावणभाऊंनी मुकाट्याने कुलूप काढलं. पाचशेची नोट वरच सापडली. रुपया काही सापडेना. पत्रूजी रुपयासाठी थांबले! शेवटी तंदूरवाल्याने स्वतःच्या खिशातला दिला. तो त्यांनी निरखून घेतला.

प्रफुलने या सगळ्या वेळात फोनमधून डोकं वर काढलं नव्हतं. करिष्मा मात्र फक्त त्याच्याकडेच बघत होती. तिघं बाहेर पडले. काचेचं दार लागलं.

आणि परत उघडलं! प्रफुल एकटाच आत आला. बायनाबाई खुर्चीवरून अर्धी उठली. करिष्माने जाकीट खाली ओढलं, कानामागे केस घेतले. तो सरळ तिच्याकडे आला, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाला,

"करिष्मा, ते... बिलात सर्व्हिस चार्ज लागला आहे. एकशे दहा. मी आता पाह्यलं, तो मर्जीचा असते म्हणे. परत भेटते का?"

करिष्माने बिल पाहिलं. मग त्याला पाहिलं.

"भेटते, सर."

ती काउंटरवर गेली, एकशे दहा घेऊन आली, दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरले.

"थँक्यू सर. परत या."

दार पुन्हा लागलं. बायनाबाई टेबलावर सांडलेली बडीशेप एकेक दाणा करून गोळा करू लागली.

"'परत या' काऊन म्हनलं वो त्याले?"

"सगळ्याईलेच म्हणतो, माय," करिष्मा टेबल पुसत म्हणाली. "सरक जराशी. मागं लोक थांबले आहेत."