बारा बाटल्या, एक एरंडेल

कचेरीतली तीन हजार फायलींची खोली मी एकटा सांभाळतो. कुठला कागद कुठं आहे ते डोळे मिटून सांगेन! तेव्हा आमच्या धुळ्याच्या घरातलं औषधांचं कपाट म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

त्या कपाटाचा नुसता बाजार झाला होता. चपट्या बाटलीत एरंडेल, तुटक्या बुचाच्या बाटलीत अडुळशाचा पाक, लाल दोरा बांधलेल्या बाटलीत आयोडिन. एकीवरही नाव नाही! शनिवारी मी एकसारख्या बारा तपकिरी बाटल्या आणल्या, सगळं त्यांत ओतलं, ठळक अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या आणि कपाटात पलटण उभी केली.

"जुन्या बाटल्या असू द्या ना," बायको म्हणजे सुनंदा म्हणाली. "मला सवय झालीय त्यांची."

"अगं, सवयीनं कुठं औषध देतात? वाचून द्यायचं!"

ती चिठ्ठ्यांकडं बघत राहिली. माझं कर्तृत्व पाहून बिचारी दिपली, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी शेजारचे तोताराम नाना खोकत-शिंकत आले. निवृत्त पोस्टमन. मुलासाठी मुलगी पाहायला शिरपूरला निघालेले, डोक्यावर कोरी टोपी!

"पोरी, अडुळसा दे बरं लवकर! एस्टी सुटी जाई!"

सुनंदानं अडुळशाच्या नेहमीच्या जागेवरची बाटली उचलून दिली. नानांचं नाक चोंदलेलं, त्यात घाई. त्यांनी वरूनच घशात ओतली, चांगले चार घोट, आणि पळाले.

दुपारी नाना परत आले. कसे आले ते विचारू नका! सोनगीरपर्यंत एस्टी दोनदा थांबवावी लागली. तिसऱ्यांदा कंडक्टरनं हात जोडून त्यांनाच उतरवलं. तिकडं शिरपुरात मुलगी नटूनथटून बसलेली, आणि इकडं वरपिता ज्वारीच्या शेतात!

मी कपाट उघडून ती बाटली पाहिली. माझंच टपोरं अक्षर: एरंडेल!

"सुनंदा!" मी ओरडलो. "एवढं धडधडीत लिहिलंय ना वर?"

"चूक मनी शे, भाऊ," भिंतीला धरून उभे असलेले नाना घाईनं म्हणाले. "मीच भलती बाटली उचलली."

मग काय, मी नानांवरच घसरलो! "नाना, जन्मभर लोकांचे पत्ते वाचलेत, आणि चार अक्षरं वाचता आली नाहीत?"

नाना मान खाली घालून ऐकत राहिले. एवढ्यात सुनंदाला रडू फुटलं.

"त्यांना बोलू नका हो! बाटली मीच दिली. मला... मला वाचताच येत नाही!"

लग्नाला सहा वर्षं झाली होती! मुलगी चौथी पास म्हणून सासऱ्यांनी सांगितलं होतं.

"आबा खोटं बोलले," ती हुंदके देत म्हणाली. "तुम्हाला कळलं तर माहेरी धाडाल, म्हणून रोज मरत होते मी."

तीन हजार फायली सांभाळणाऱ्याला घरातलं भ्यालेलं माणूस सहा वर्षं दिसलं नाही! फार लाज वाटली मला.

"वेडी की काय तू? तुला धाडून मी कुणाच्या हातचं खाऊ?" मी म्हणालो. छे, भलतंच बोललो! तुझ्यावाचून मला करमत नाही, असं म्हणायचं होतं. पण ती रडता रडता हसली, म्हणजे कळलं असावं.

पण कारकुनी डोकं स्वस्थ बसेल तर शपथ! "थांब. लग्नानंतर वर्षभर मी बदलीवर अमळनेरला होतो. तुझी पत्रं यायची की!"

सुनंदानं नानांकडं पाहिलं. नाना छताकडं पाहू लागले.

"सांगायची मी," ती पुटपुटली. "नाना नुसते लिहून द्यायचे."

"आणि माझी पत्रं?"

"मीच वाचायचो," नाना म्हणाले. "मोठ्यानं."

माझी कानशिलं तापली. त्या पत्रांत मी तिला काय काय म्हटलं होतं, ते इथं सांगायला मी वेडा नाही! मी खाली वाकून नानांचे पाय धरले.

"नाना, माफ करा. माझ्यामुळं तुमच्या पोटाचे फार हाल झाले."

"जाऊ दे रे भाऊ," नाना पोट धरून दाराकडं निघाले. "तुझी वर्षभराची पत्रं पचवली मी. या एरंडेलाचं काय घेऊन बसलास!"