मुखरूभाऊंसाठी माईक

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला पाहुणे जमले, की मुखरूभाऊ दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत बसत. कान गेल्यापासून हेच चाललं होतं. मागच्या मंडईत बहिणीने, रुखमाबाईने, नवऱ्याच्या दुखण्याचं सांगितलं, तर यांनी त्यावरही हसून मान हलवली. पुढे तो माणूस गेला. ते हसू मुखरूभाऊंना वर्षभर टोचत राहिलं. त्यानंतर रुखमाबाई आरमोरीला कशी राहते, हे त्यांना नीट कळलं नव्हतं, कारण फोनवरचं ऐकू येत नसे. यंदा बाई आली, की तिच्याच तोंडून ऐकायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

मुलगा गोपाल झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड पुरवायचा. बापाची काळजी त्याला खरंच होती, पण कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं. त्याने अंगणात माईक उभा केला आणि बापाच्या खाटेजवळ भलामोठा स्पीकर आणून ठेवला.

“आता एकानं बोलाचं, बाकीच्यायनं चूप राह्याचं,” त्याने बजावलं. “अन् जे बोलाचं ते माईकमंदीच.”

पहिला नंबर जावई लटारूचा. माईक दिसताच त्याने घसा खाकरला. “आदरनीय मामाजी आन् इथी जमलेल्या बंधूभगिनींनो,” असं म्हणून त्याने जे सुरू केलं, ते आवरेना. मग सून रंजीता आली. “मामाजी, वड्यायत मीठ कमी झालं, सांभाळून घ्या,” एवढंच ती म्हणाली, तर मागच्या घरची ठमाबाई मीठ घेऊन हजर झाली.

गावाला वाटलं, नाटकाची तालीम इथेच आहे. सगळ्यांकडे पाहुणे होतेच, तेही कुंपणाशी येऊन उभे राहिले. गर्दी वाढली की आवाज वाढवायचा, हा गोपालच्या धंद्याचा नियम. त्याने वाढवला.

रुखमाबाई माईकपुढे आल्या. मुखरूभाऊ खाटेवर सावरून बसले.

“बाई, तू कशी हाय? खरं सांग.”

रुखमाबाईंनी कुंपणाकडे पाहिलं. पदर सारखा केला.

“बरी हावो भाऊ. पोरगा, सून मले चांगलं पायतेत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुखरूभाऊंना शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यांनी डोळे पुसले.

दुपारी गोपालने आत्याला मोटारसायकलवर बसस्टॉपला सोडलं. गाडीची वाट पाहताना ती म्हणाली, “पोरगा हैदराबादले गेला, सून माहेरी. बैलपोया झाल्यापासून मी एकटीच रांधतो अन् एकटीच खातो.”

“बाबाले काऊन नाई सांगतलं?”

“सांगाले तं आली होती. पन साऱ्या गावापुढं पोराचं कसं सांगू?”

गोपाल घरी आला तेव्हा बाप खुशीत होता. “बाई सुखात हाये. यंदा सबन आयकू आलं.”

गोपालला फार वाईट वाटलं. स्टूल ओढून तो बापाच्या अगदी समोर बसला. हजारोंच्या गर्दीत आवाज पोचवणाऱ्या या माणसाला आता शब्द सापडेनात. शेवटी हळूहळू, एकेक वाक्य करत त्याने सगळं सांगितलं. बाप त्याच्या ओठांकडे पाहत होता.

“मंग माईकमंदी बोल्ली ते?”

“ते गावासाठी होतं, बाबा.”

मुखरूभाऊंनी खाटेजवळच्या स्पीकरकडे पाहिलं.

“म्हंजे ती मले सांगाले आली,” ते म्हणाले, “अन् तुले सांगून गेली.”